भोंगा चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी रोही परत का येतो?

"भाऊ, तुमचा भोंगा आता रोह्याले पाठ झाला," असं आमच्या सालदाराने सकाळी सकाळी सांगितलं, तेव्हा मी हातातला चहा तसाच ठेवून वावरात गेलो. हरभरा वीतभर झाला होता. नाल्याकडच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या सहा ओळींचे शेंडे पार खुडलेले. रोह्याला, म्हणजे नीलगाईला, हाकलायला लावलेला भोंगा अजून चालूच होता, माझ्याच आवाजात, दर दहा मिनिटांनी "हाऽऽ हो हो हो". आणि त्या भोंग्याच्या खांबाखाली, अगदी बुडाशी, रोह्याच्या ताज्या लेंड्यांचा ढीग.

त्या ढिगाने मला जे समजलं ते चार वर्षांच्या जागलीत समजलं नव्हतं. रोही एकाच ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. म्हणजे तो तिथे घाईघाईत चुकून आला नव्हता, रुळला होता.

आमचं वावर सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाकडे. पण वर्धा असो, यवतमाळ असो की चंद्रपूर, जंगलाला किंवा झुडपी नाल्याला लागून ज्याचं वावर आहे त्याने हे भोगलंच असेल. बुजगावणं, साड्यांचं कुंपण, फटाके, टिनाचे डबे, फिरता लाइट, वाघाच्या डरकाळीचं रेकॉर्डिंग. प्रत्येक उपाय सुरुवातीला चालतो, मग बंद पडतो. आपण म्हणतो उपायच खोटा, आणि दुसरा विकत आणतो. चार रब्बी हंगाम मी हेच केलं. मग रोज सकाळी वहीत नोंद करायला लागलो, थोडं वाचलं, आणि लक्षात आलं की उपाय बदलत असताना एक गोष्ट मी दरवेळी तशीच ठेवत होतो. रोह्याला माझ्या वावरात अधूनमधून पोटभर मिळत होतं, आणि मी दाखवत असलेली भीती मात्र घड्याळाच्या काट्यावर चालत होती. हे नेमकं उलटं पाहिजे. खाणं कधीच मिळू नये, आणि भीती कधी येईल ते कळू नये.

आधी पाहा: कोण येतं, कुठून येतं, किती ठेवून जातं

उपाय करायच्या आधी दोन-तीन सकाळी नुसतं पाहा. सशाने तोडलेला शेंडा तिरपा असतो, चाकूने कापल्यासारखा साफ. रोह्याने तोडलेला फाटलेला असतो, टोकाला धागे निघालेले, कारण त्याला वरचे पुढचे दात नसतात, तो दाबून ओढतो. डुकराचं तर विचारायलाच नको, तो माती उलटवून ठेवतो. आमच्याकडे एका वर्षी पेरणीनंतर लगेच जे नुकसान झालं ते सगळे रोह्यावर घालत होते. ती डुकरं होती, तासाच्या ओळीने दाणा उकरत गेलेली. रोह्यासाठी केलेल्या उपायाने ती थांबणार कशी?

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: किती खाल्लं यापेक्षा किती ठेवून गेलं ते पाहा. जोएल ब्राउन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1988 मध्ये याचा मोठा सुंदर उपयोग दाखवला. वाळवंटातल्या उंदरांसारख्या प्राण्यांसाठी मातीत बिया मिसळून ताटं ठेवायची, आणि रात्रीनंतर ताटात किती बिया उरल्या ते मोजायचं. जिथे प्राण्याला धोका जास्त वाटतो तिथलं ताट तो लवकर सोडतो, बिया उरतात. जिथे निर्धास्त वाटतं तिथलं ताट चाटूनपुसून साफ. म्हणजे उरलेलं अन्न हे त्याच्या भीतीचं माप.

आपलं वावर हे असंच ताट आहे. माझ्या हरभऱ्यात नाल्याकडे बुडापर्यंत खाल्लेलं होतं, पंधरा-वीस पावलं आत आलं की झाडाला एखाददुसरा शेंडा गेलेला, आणि विहिरीजवळच्या मोकळ्या भागात काहीच नाही. विहिरीवरच्या खोपडीत सालदार झोपतो, तिथे कुत्राही असतो. नाल्याकडे मात्र येरोणी आणि बाभळीची दाट झुडपं, एका उडीत आत. मी भोंगा लावला होता वावराच्या मधोमध. रोह्याच्या मनात जी जागा सुरक्षित होती ती मी तशीच सोडली होती.

तुमच्या वावराचा असा नकाशा काढा, कागदावर नाही तरी मनात. जिथे साफ खाल्लं आहे तिथून दुरुस्ती सुरू होते.

जनावर हिशेब ठेवतं

आपण म्हणतो जनावर निर्लज्ज असतं, कितीही हाकला परत येतं. तो निर्लज्जपणा नाही. आपणच त्याला तसं शिकवतो.

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि चार्ल्स फर्स्टर यांच्यासोबत 1957 मध्ये ते सविस्तर मांडलं. कबुतराने बटणाला चोच मारली की दाणा. एका कबुतराला प्रत्येक वेळी दाणा दिला. दुसऱ्याला कधी पाच चोचींनंतर, कधी पन्नासनंतर, काही नेम नाही. मग दाणा पूर्ण बंद केला. ज्याला प्रत्येक वेळी मिळत होतं त्याने लवकर नाद सोडला, कारण फरक त्याला लगेच कळला. ज्याला कधीकधी मिळत होतं ते मात्र चोच मारतच राहिलं. त्याच्यासाठी रिकामी गेलेली चोच ही नवी गोष्ट नव्हतीच, आता नाही तर पुढच्या वेळी.

आता जागलीचं पाहा. सोमवारी मी जागलो, रोही रिकामा गेला. मंगळवारी सालदार जागला, रिकामा गेला. बुधवारी गावात लग्न, वावरात कोणी नाही, रोह्याने रात्रभर खाल्लं. गुरुवारी पुन्हा जागल. मला वाटायचं आठवड्यातून एकच तर रात्र सुटली. पण ती एक रात्र उरलेल्या सहा रात्री त्याला धुऱ्यावर आणून उभं करते. एखाद्या रात्रीची ढिलाई ही रोजच्या ढिलाईपेक्षा वाईट सवय लावते, हे मान्य करायला मला फार जड गेलं, कारण ती ढिलाई आळसातून नव्हती, माणूस थकतो.

मेंदूच्या आतही हे दिसतं. वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एक खूण दिसली की थोड्या वेळाने रस मिळायचा, पण प्रत्येक खुणेची खात्री वेगळी: एका खुणेनंतर कधीच नाही, एकीनंतर नेहमी, बाकीच्यांनंतर चारपैकी एकदा, दोनदा, तीनदा. खूण दिसल्यापासून रस येईपर्यंतच्या काळात डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाच्या पेशींची हालचाल हळूहळू चढत जायची, आणि ती सगळ्यात जास्त चढली निम्मी-निम्मी शक्यता असलेल्या खुणेला. मिळेल की नाही हे अजिबात सांगता येत नाही, तिथेच मेंदू सगळ्यात जास्त टवकारलेला. आपलं अर्धवट राखलेलं वावर म्हणजे तीच खूण.

आणि भीतीचाही हिशेब ठेवतं

भोंगा का बंद पडतो ते एरिक कँडेल यांनी समुद्रातल्या एका गोगलगायीत दाखवलं. तिच्या अंगाला हलका स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. पुन्हा पुन्हा तसाच स्पर्श केला आणि त्यातून वाईट काहीच झालं नाही, की ओढणं कमी होत जातं. काही काळ स्पर्श बंद ठेवला की ती पुन्हा दचकते. कँडेल यांना 2000 साली नोबेल मिळालं ते शिकणं आणि आठवण यांवरच्या अशा कामासाठी. गोगलगायीला जे जमतं ते रोह्याला न जमायला काय झालं?

ठरावीक वेळाने, त्याच जागेवरून, तोच आवाज, आणि त्यामागून कोणीच येत नाही. यापेक्षा लवकर सवय लावणारी दुसरी गोष्ट मला सुचत नाही. वाघाच्या डरकाळीचं रेकॉर्डिंगही याच कारणाने मरतं. बोरच्या जंगलातला खरा वाघ दर दहा मिनिटांनी डरकाळी फोडत नाही. तो गुपचूप येतो, कुठून येईल ते कळत नाही, आणि महिनोन्‌महिने दिसला नाही तरी चितळ पाणी पिताना मान वर करूनच पितं. कधीतरी येणारी, पण खरी भीती. ती विरत नाही.

आता दुरुस्ती

सगळ्यात आधी फट बुजवा. कुंपण तीन बाजूंनी पक्कं आणि चौथीकडे ढिलं असेल तर ते कुंपण नाही, ती लॉटरी आहे. माझ्याकडे कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं सोलरवरचं झटका मशीन दोन वर्षांपासून होतं आणि मी ते निकामी ठरवून टाकलं होतं. एका संध्याकाळी टेस्टर घेऊन तारेच्या कडेने पूर्ण फेरी मारली. मशीनजवळ झटका जोरदार. नाल्याकडे गेलो तर जेमतेम. खाली वाकून पाहिलं तर दोन ठिकाणी ओलं गवत तारेला टेकलेलं, एका खांबाचं इन्सुलेटर तडकलेलं, आणि अर्थिंगची सळई अशा कोरड्या मुरमात ठोकलेली की तिला ओल कधी लागलीच नसेल. म्हणजे रोह्याला आणि डुकराला तिथे कधी झटका बसायचा, कधी नाही. कबुतराचं बटण मी स्वतःच तारेवर बांधलं होतं.

म्हणून झटका मशीन असेल तर आठवड्यातून एकदा, आणि पाऊस किंवा ढगाळ दिवसानंतर नक्की, टेस्टरने पूर्ण फेरी मारा. तारेखालचं गवत कापा. अर्थिंगची सळई खोल आणि ओलीच्या जागी ठोका, उन्हाळ्यात तिच्या बुडाशी पाणी टाकत जा. डुकरासाठी सगळ्यात खालची तार वीतभर उंचीवर लागते, कारण त्याचं नाक ओलं असतं आणि तिथे झटका बसतो. तार उंच असली तर ती पाठीच्या राठ केसांवर घासते आणि तो तसाच निघून जातो. रोह्यासाठी नाकाच्या उंचीला एक तार आणि तिच्या वर आणखी एक. अमेरिकेत काही शेतकरी हरणांसाठी तारेला पातळ पत्रा गुंडाळून त्यावर शेंगदाण्याचं लोणी लावतात, म्हणजे पहिली ओळखच नाकाने होते. मला ही कल्पना फार आवडली. पहिली भेट लक्षात राहते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आकडा टाकून किंवा मोटारीच्या लाइनवरून थेट करंट तारेत सोडणं हा उपाय नाही. झटका मशीन क्षणभराचा झटका देऊन सोडतं. थेट करंट मात्र धरूनच ठेवतो. त्याने रोही मरतो, बैल मरतो, पहाटे पाणी द्यायला आलेला माणूस मरतो. आपल्या भागात अशी मयत ज्या घराने पाहिली आहे त्याला विचारा. तो गुन्हाही आहे, पण मी गुन्ह्यासाठी सांगत नाही.

वेळेचं म्हणाल तर आपण कायम उशिरा जागे होतो. नुकसान दिसलं की कुंपण लावायला धावतो, तोवर चव लागलेली असते. हरभरा उगवायच्या आधी तार चालू पाहिजे. ज्या जनावराने या हंगामात तुमच्या वावरात एकही घास घेतला नाही त्याला थांबवणं, आणि ज्याने दहा रात्री खाल्लं त्याला थांबवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चव लागून गेली असेल तर धीर धरावा लागेल, आणि इथेच बहुतेक जण हरतात. मिळणं अचानक बंद झालं की जनावर आधी जास्त जोर करतं. जास्त वेळा येतं, नव्या जागा तपासतं, तार वाकवतं. तुम्हाला वाटतं कुंपणाने उलट त्रास वाढला. हाच तो काळ जेव्हा एकही रात्र सोडायची नाही. या दिवसांत तो एकदा जरी आत शिरून खाऊन गेला, तर जास्त जोर केला की मिळतं हे तो शिकतो, आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करतो. आमच्याकडे हे दिवस मी आणि सालदाराने वाटून घेतले, आणि दोघांनाही नसेल जमत तर काकांना सांगायचं असं ठरवलं. काका म्हणाले, "मले काय, मले तसंबी झोप येत नाही, पण एकट्याले नको पाठवू." ते बरोबरच होतं. जंगलाकाठी रात्री एकट्याने धुऱ्याने फिरू नका, दोघं असा, हातात बॅटरी आणि काठी.

मग शांतता होते. पंधरा-वीस दिवस काहीच येत नाही, आणि एका रात्री तो पुन्हा येऊन पाहतो. पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतही हे पाहिलं होतं, विझलेली सवय मधल्या विश्रांतीनंतर आपोआप डोकं वर काढते. त्या रात्री तार जिवंत असली की झालं. म्हणून शांतता झाली की मशीन दुसऱ्या वावरात नेऊ नका.

भोंगा फेकून द्यायची गरज नाही. तो रोज वाजवू नका. मी आता आठवड्यातून दोन-तीन रात्रीच लावतो, वेळ ठरलेली नाही, जागा दरवेळी वेगळी, बहुतेक वेळा नाल्याकडेच. आणि तो वाजला की कधीकधी आम्ही दोघं खरंच बॅटरी घेऊन, कुत्रा सोबत घेऊन तिथे जातो. आवाजामागे माणूस येऊ शकतो एवढं त्याला कळलं पाहिजे. साड्या बांधल्या असतील तर त्याही हलवत राहा. वर्षभर उन्हात विटून एकाच जागी लटकणारी साडी रोह्यासाठी झाडासारखीच असते.

नाल्याकाठची येरोणी आम्ही आमच्या धुऱ्यापासून दहा-बारा पावलं साफ केली. लपायची जागा जितकी दूर, तितका त्याचा हिशेब महाग. या एका कामाने जो फरक पडला तो भोंग्याने चार वर्षांत पडला नव्हता.

उन्हाळ्यात हे सगळं कमी पडतं

फाल्गुनापासून पुढे भीतीवर भिस्त ठेवू नका. थॉमस कराको आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये जुन्को नावाच्या लहान पक्ष्यांना दोन पर्याय दिले: एकीकडे ठरलेले दाणे, दुसरीकडे कधी जास्त, कधी काहीच नाही, सरासरी सारखीच. पोटापुरतं मिळत असलेले पक्षी ठरलेल्याकडे गेले. ज्यांना दिवसाची गरजही भागत नव्हती ते जुगाराकडे गेले. पुढे दुसऱ्या प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत हे प्रत्येक वेळी इतकं स्वच्छ निघालं नाही, पण आपल्या वावरात मला ते ओळखीचं वाटतं. जंगलातलं गवत वाळलं, तूर निघून गेली, नाले आटले, आणि तुमच्या भुईमुगाला तेवढं पाणी. उपाशी जनावराला भीती परवडत नाही. तिथे फक्त तारच कामाची, आणि ती तारही पूर्ण ताकदीची. उन्हाळी पीक घ्यायचं तर जंगलापासून लांबच्या, विहिरीजवळच्या तुकड्यात घ्या.

शेजाऱ्याचाही विचार करावा लागतो. जनावर एकट्या माझ्या वावराचा विचार करत नाही, माझ्या आणि शेजारच्या वावराची तुलना करतं. मी कुंपण केलं तेव्हा माझा रोही पलीकडच्या काकूंच्या तुरीत गेला. त्या एकट्या वावर पाहतात. मला ते पाहवलं नाही. आता नाल्याकडची तार दोन्ही वावरांना मिळून एकच आहे, मशीन माझं, खांब त्यांचे, आणि गवत कापायचं आळीपाळीने. तिघा-चौघांनी मिळून केलं तर तारही कमी लागते, कारण मधले धुरे मोकळे सोडता येतात.

उपाय लागू पडला हे कसं कळणार

याबाबत फार सांभाळून राहा. स्किनर यांनी 1948 मध्ये आठ कबुतरांना ठरावीक वेळाने दाणा दिला, कबुतराने काहीही करो वा न करो. आठपैकी सहा कबुतरांनी आपापली एक खोड लावून घेतली, कोणी गोल फिरायचं, कोणी मान हलवायचं, जणू त्यानेच दाणा येतो. मी एक पूर्ण हंगाम लाल साडीवर विश्वास ठेवला होता, कारण ती बांधली त्या रात्री रोही आला नाही. त्या आठवड्यात कळप मुळात पलीकडच्या शिवारात होता, हे नंतर गुराख्याने सांगितलं.

म्हणून वही ठेवा. रोज सकाळी चार गोष्टी: धुऱ्याबाहेर ताजा माग आहे का, आत आला का, काही खाल्लं का, रात्री काय उपाय चालू होता. माग बाहेर आहे आणि आत नाही, ती रात्र उपायाच्या खात्यात टाका. माग बाहेरही नसेल तर ती रात्र कोणाच्याच खात्यात नको. नुकसान झालंच तर खुडलेल्या ओळी तशाच ठेवून फोटो काढा आणि वनविभागाकडे लगेच अर्ज करा, पंचनाम्याला तेच कामी येतं.

माझ्या वहीत या कार्तिकात बाहेर माग असलेल्या रात्री बऱ्याच आहेत, आत आलेल्या दोन. दोन्ही वेळा तार बंद होती: एकदा बॅटरीची वायर उंदराने कुरतडली, एकदा मोटारीकडे जाताना काढलेलं फाटक मीच लावायचं विसरलो. फाटकाला आता स्प्रिंगची कडी बसवली आहे. उंदराचं अजून पाहायचं आहे.